चॉसरवर हात फिरवणारे

प्रश्न असा आला आहे: एम.ए.ला 'कँटरबरी टेल्स' (चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीचा, कँटरबरीच्या यात्रेकरूंनी वाटेत सांगितलेल्या कथांचा पद्यग्रंथ) यातला सुरुवातीचा प्रस्तावनेचा भाग आणि 'वाइफ ऑफ बाथ', म्हणजे बाथ गावच्या बाईची कथा, नेमलेली आहे. विचारणाऱ्यांनी तीन पुस्तकं शेजारी ठेवली. तिन्हींचं स्पेलिंग वेगळं निघालं. बाईच्या मनोगतातल्या काही ओळी एका पुस्तकात सरळ छापल्या आहेत, दुसऱ्यात त्याच ओळी खाली बारीक टाइपात ढकलल्या आहेत. गाइडमध्ये तर सतराव्या शतकातला कवी ड्रायडन याच्या रूपांतराला 'चॉसरची सुधारलेली आवृत्ती' म्हटलं आहे. शिवाय त्यांना एखादी कथा मराठीत आणायची आहे. तर मूळ कोणतं धरायचं?

मध्ययुगीन इंग्रजीचा पेपर मी पंचवीसेक वर्षं शिकवला, आणि त्यातली पहिली दोन वर्षं चुकीचा शिकवला. ते कसं, हे पुढे येईलच. आधी सरळ उत्तर देतो: 'हे मूळ' म्हणून बोट ठेवावं असं काही शिल्लक नाही. चॉसर १४०० साली वारला. त्याच्या कवितेची एकही ओळ त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात असल्याचं सिद्ध झालेलं नाही. 'कँटरबरी टेल्स'ची पूर्ण-अपूर्ण मिळून ऐंशीच्या वर हस्तलिखितं आहेत. ती सगळी दुसऱ्यांनी उतरवलेली आणि जवळजवळ सगळी त्याच्या मृत्यूनंतरची. त्यात ग्रंथ अपुरा. कथांचे गठ्ठे सुटे होते, कोणता गठ्ठा कोणत्या पुढे लावायचा हेसुद्धा त्याने पुरतं ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे तुमच्यासमोरची तिन्ही पुस्तकं चॉसरचीच आहेत, फक्त प्रत्येकावर कुणाचा तरी हात फिरला आहे. तो हात कुणाचा आणि कशासाठी फिरला, एवढं कळलं की गोंधळ बराचसा संपतो.

यावर माझं एक मत वर्षानुवर्षं पक्कं होत गेलं. चॉसरचं नुकसान रूपांतरकारांनी फार केलं नाही, ते 'शुद्ध' करणाऱ्यांनी केलं. जो उघड सांगतो की मी बदललं, त्याचं पुस्तक मिटून मूळ पुस्तकाकडे जाता येतं. जो गुपचूप दुरुस्त करतो, तो परतीची वाटच बुजवून टाकतो.

चॉसरला हे भय होतंच. अ‍ॅडम नावाच्या आपल्या लेखनिकाला उद्देशून त्याने सात ओळींची एक कविता लिहिली आहे. तिचा आशय असा: बाबा रे, माझं काही पुन्हा उतरवायची वेळ आली आणि मी रचलं तसं तू लिहिलं नाहीस, तर तुझ्या लांब केसांखाली खरूज होवो. तुझ्या घाईमुळे आणि निष्काळजीपणामुळे मला रोज किती वेळा खरवडत आणि घासत बसावं लागतं! चर्मपत्रावरची शाई पुसायची तर चाकूने खरवडावी लागे, त्याचा हा वैताग. 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या दीर्घकाव्याच्या शेवटी तो आपल्या पुस्तकाला निरोप देतो तेव्हा सूर जरा गंभीर आहे. आपल्या इंग्रजीत बोलण्याचे आणि लिहिण्याचे इतके प्रकार आहेत की, देवा, कुणी तुला चुकीचं उतरवू नये आणि भाषा न कळल्यामुळे कुणी तुझं वृत्त मोडू नये. वृत्त मोडण्याची ही भीती लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ चारशे वर्षं नेमकं तेच झालं.

आता बारीक टाइपाची गोष्ट. अगदी जुन्या हस्तलिखितांत दोन महत्त्वाची आहेत. एक हेंगर्ट, सध्या वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथला राष्ट्रीय ग्रंथालयात. दुसरं एल्समिअर, कॅलिफोर्नियात हंटिंग्टन ग्रंथालयात. बहुतेक अभ्यासक दोन्हींचं अक्षर एकाच लेखनिकाचं मानतात. २००४ मध्ये लिन मूनी या विदुषीने तो लेखनिक अ‍ॅडम पिंकहर्स्ट असल्याचं जाहीर केलं, म्हणजे खरजेचा शाप मिळालेला अ‍ॅडम तोच. मोठी खळबळ उडाली होती. आता बरेच अभ्यासक त्यावर शंका घेतात, त्यामुळे परीक्षेत ठामपणे लिहू नका.

हात एक असला तरी दोन पोथ्यांचा स्वभाव अगदी वेगळा. एल्समिअर म्हणजे श्रीमंताघरचं पुस्तक: रुंद समास, सोनेरी नक्षी, २३ यात्रेकरूंची रंगीत चित्रं, त्यांत घोड्यावर बसलेला खुद्द चॉसरही. कथांचा क्रमही नीट लावलेला. हेंगर्टचे कोपरे उंदरांनी कुरतडलेले, डाग पडलेले, कथांचा क्रम विस्कटलेला आणि एक अख्खी कथा गायब. पण ओळी सुट्या घेऊन पाहिल्या तर पुष्कळ ठिकाणी हेंगर्टचा पाठ, म्हणजे तिथली शब्दरचना, जास्त विश्वासाचा वाटतो. एल्समिअरमध्ये कुणीतरी आधीच इस्त्री फिरवली आहे.

या पोथीतली एक जागा मी दरवर्षी वर्गात दाखवत असे. आचाऱ्याची कथा जेमतेम सुरू होते आणि साठेक ओळींत थांबते. हेंगर्टच्या लेखनिकाने पुढे जागा कोरी ठेवली, म्हणजे उरलेला मजकूर मिळेल अशी त्याला आशा होती. मग कधीतरी, वेगळ्या दिसणाऱ्या शाईत, समासात त्याने नोंद केली: या आचाऱ्याच्या कथेचं चॉसरने याहून अधिक काही रचलं नाही. इथे एक माणूस वाट पाहतो, चौकशी करतो आणि मग हात टेकतो. स्वतःच्या पदरचं काही घालत नाही. इतरांना एवढा धीर नव्हता. पंचवीसेक हस्तलिखितांत त्या रिकाम्या जागी 'गॅमलिन'ची कथा आणून बसवली आहे, आणि ती चॉसरची नाही. (तिचं पुढे भलं झालं. टॉमस लॉजने तिच्यावरून 'रोझलिंड' लिहिली आणि शेक्सपिअरने 'रोझलिंड'वरून 'अ‍ॅज यू लाइक इट' हे नाटक. घुसडलेली कथाही वाया जातेच असं नाही.)

वाइफ ऑफ बाथच्या मनोगतातही असंच आहे. माझ्या तोंडावर मंगळाची खूण आहे आणि दुसऱ्या एका झाकल्या जागीही, मी प्रेम करताना कधी तोलूनमापून पाहिलं नाही, बुटका असो की उंच, काळा असो की गोरा, मी आपली माझ्या भुकेमागे गेले: तिच्या तोंडची ही सर्वांत धीट कबुली हेंगर्टमध्ये नाहीच. एल्समिअरमध्ये आहे. असे आणखी काही तुकडे आहेत. चॉसरने ते मागाहून घातले, की आधी लिहून मग काढले, की आणखी कुणाची ही करामत, यावर आजही वाद चालतो. हेंगर्ट प्रमाण मानणारा संपादक ते तुकडे बाजूला काढतो. नॉर्मन ब्लेक यांची १९८० ची आवृत्ती त्या पंथाची. एल्समिअरला झुकतं माप देणारे ते मजकुरात ठेवतात. तुमच्या दोन पुस्तकांतला फरक हा असा आहे. कुणी अश्लील म्हणून कापलेलं नाही. तसं कापणारे पुढे भेटतील.

छपाई आली म्हणून पाठ स्थिर झाला असं नाही. कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला १४७६-७७ च्या सुमारास 'कँटरबरी टेल्स' पहिल्यांदा छापलं. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो की एक सद्गृहस्थ आले आणि म्हणाले, तुमचं पुस्तक चॉसरने केलं तसं नाही, माझ्या वडिलांकडे खरी प्रत आहे आणि ती त्यांना जिवापाड प्रिय आहे. कॅक्स्टनने चूक कबूल केली, प्रत मागून घेतली आणि १४८३ मध्ये चित्रांसकट नवी आवृत्ती काढली. किस्सा गोड आहे आणि त्यात व्यापारही आहे, कारण पहिली आवृत्ती घेतलेल्याला दुसरी घ्यावीशी वाटणारच. पण अभ्यासकांनी दोन्ही ताडून पाहिल्या तेव्हा कळलं की त्याने नव्या प्रतीवरून मुळातून जुळणी केली नव्हती. आपल्याच छापील पुस्तकावर त्या प्रतीतल्या दुरुस्त्या चढवल्या होत्या, त्याही जमतील तेवढ्या. म्हणजे दुसरी आवृत्ती हे एक ठिगळकाम झालं. पुढच्या छापखानेवाल्यांनी तेच ठिगळ पुढे नेलं.

१५३२ मध्ये विल्यम थिनने चॉसरचं 'समग्र' वाङ्मय काढलं. हा आठव्या हेन्रीच्या मुदपाकखान्याचा कारकून. माणूस कष्टाळू, त्याने हस्तलिखितं शोधून जमवली. पण 'समग्र' म्हटलं की पोतं भरावं लागतं. चॉसरच्या 'ट्रॉयलस'च्या पाठोपाठ त्याने स्कॉटिश कवी हेन्रिसनची 'क्रेसिड' छापली, ज्यात बेइमान नायिकेला महारोग होतो आणि ती भीक मागत फिरते. वाचकांनी तो चॉसरनेच लिहिलेला शेवट समजला. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट'मधला विदूषक क्रेसिडा भिकारीण होती असं म्हणतो, ते या हेन्रिसनमुळे. दुसरा एक गद्य ग्रंथ थिनने घेतला, 'टेस्टामेंट ऑफ लव्ह'. त्यातला 'मी' तुरुंगात पडलेला आहे. झालं! १५९८ च्या आवृत्तीत चॉसरचं चरित्र छापलं गेलं त्यात त्याची राजकीय संकटं या ग्रंथावरून आली, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत चरित्रकार त्याला तुरुंगात घालत राहिले. प्रत्यक्षात हा ग्रंथ टॉमस अस्कचा, ज्याचं १३८८ मध्ये डोकं उडवण्यात आलं. प्रकरणांची आद्याक्षरं जुळवली तर वाक्य तयार होतं हे एकोणिसाव्या शतकातला संपादक स्कीट याच्या ध्यानात आलं, मग हेन्री ब्रॅडलीने विस्कटलेली पानं क्रमाने लावली आणि वाक्याच्या शेवटी लेखकाचं नाव उमटलं: तुझ्या अस्कवर दया कर. साडेतीनशेहून अधिक वर्षं बिचारा आपल्या नावानिशी पुस्तकात बसून होता आणि वर नाव मात्र चॉसरचं.

१५४२ च्या आवृत्तीत 'नांगऱ्याची कथा' शिरली. ती पोपच्या धर्मसत्तेवर आग ओकणारी आणि चॉसरची नसलेली. तेव्हा इंग्लंडात धर्मसुधारणेचे वारे होते, आणि आपला आदिकवी आधीपासूनच प्रॉटेस्टंट होता असं दिसणं सोयीचं होतं. १५४३ च्या कायद्याने धर्मविषयक पुस्तकांवर कडक बंदी आणली, त्यातून चॉसरची पुस्तकं नाव घेऊन वगळली. जॉन फॉक्स या प्रॉटेस्टंट इतिहासकाराने तर त्याला विक्लिफ या चॉसरकालीन चर्चविरोधकाच्या पंथात बसवून टाकलं.

त्याच शतकात, १५८४ मध्ये, इकडे एकनाथ ज्ञानेश्वरीच्या प्रतीचं शुद्धीकरण करत होते. पाठ शुद्ध करून झाल्यावर त्यांनी बजावलं की यात कुणी स्वतःची ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखी होईल. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण वर्गात थिन शिकवताना मला ती नरोटी हमखास आठवायची. चॉसरच्या ताटात तोवर डझनांनी नरोट्या होत्या आणि वाढपी आणखी आणतच होते.

आता वृत्ताकडे वळू. इथे जरा थांबावं लागेल, आणि माझी चूकही इथलीच.

शिकवायला लागलो तेव्हा माझ्याकडे एका स्वस्त प्रकाशनाचं पुस्तक होतं, स्पेलिंग आजच्यासारखं केलेलं. कुठेही तशी सूचना नव्हती. त्यात प्रस्तावनेतली नववी ओळ अशी होती: 'अँड स्मॉल फाउल्स मेक मेलडी', छोटे पक्षी गाणी गातात. बोटांवर मोजा, सात अवयव (म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे). चॉसरची ओळ दहाची असते, शेवटी कधी एक जास्त. मी दोन वर्षं मुलांना सांगितलं की चॉसर आद्य कवी, वृत्त अजून घडत होतं, म्हणून ओबडधोबड. मुलांनी ते लिहून घेतलं आणि परीक्षेत उतरवलंही.

मग ग्रंथालयात एक जुनी टीपांची आवृत्ती हाती लागली आणि कानच उघडले. तीच ओळ चॉसर अशी म्हणत असणार: 'आंद स्मा-ल फू-लेस मा-केन मे-लो-दी-अ'. अकरा अवयव, शेवटचा हलका. 'स्माल'मधला ल पायमोडका नाही, त्यात पूर्ण 'अ' आहे. त्या काळच्या इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा 'ई' हा असा हलक्या 'अ'सारखा उच्चारला जाई. चॉसरच्या हयातीतच तो बोलण्यातून विरत चालला होता, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत पार गेला. लेखनिक मग ते अक्षर मनाला येईल तिथे लावू किंवा गाळू लागले, कारण त्यांच्या कानाला त्याचं काही मोलच नव्हतं.

इंग्रजी माध्यमातल्या शिक्षकाला हे समजवायला अर्धा तास लागतो. मराठी वर्गात दोन मिनिटं पुरतात. फळ्यावर 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' लिहा. बोलताना आपण 'गणाधीश्', 'ईश्' म्हणतो. तसं म्हटलं तर दहाच अवयव भरतात आणि भुजंगप्रयात लंगडतो. श्लोक म्हणताना मात्र 'ग-णा-धी-श जो ई-श' असे पूर्ण उच्चार आपोआप येतात आणि बारा भरतात. आता कल्पना करा, अडीचशे वर्षांनी कुणाला हा 'अ' ठाऊकच नाही. तो मोजतो, दोन कमी पडतात. तो काय म्हणेल? एक तर रामदासांना वृत्त येत नव्हतं, किंवा नकलकारांनी दोन अक्षरं गाळली, आणि मी ती घालतो.

चॉसरच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या, त्याही याच क्रमाने. टॉमस स्पेट या संपादकाने १५९८ आणि १६०२ मध्ये चॉसरच्या आवृत्त्या काढल्या, कठीण शब्दांच्या अर्थांसह. त्याने म्हटलं की ओळी कमी-जास्त वाटल्या तरी ज्याला त्या त्यांच्या रीतीने वाचता येतात त्याला त्या बरोबर भरतील. त्याला नियम सांगता आला नाही, पण कान शाबूत होता. शंभर वर्षांनी ड्रायडनने त्याची थट्टा केली: म्हणे दोष आपल्या कानांचा, नऊ अवयव दिसतात तिथे म्हणे खरे दहा आहेत! ड्रायडनच्या मते चॉसरच्या ओळी अर्ध्या पावलाने लंगड्या होत्या, पण त्याला दोष द्यायचा नाही, ते भाषेचं बाळपण होतं. थोडक्यात, दोन वर्षं मी जे शिकवलं तेच. चूक करायला सोबती तरी मोठा मिळाला.

आणि मग ऑक्सफर्डचे जॉन अरी आले. १७२१ ची त्यांची आवृत्ती दिसायला देखणी. चॉसर पहिल्यांदाच जुन्या काळ्या टाइपाऐवजी स्वच्छ रोमन अक्षरांत छापला गेला. अरींना पटलं होतं की चॉसर वृत्तात चुकणार नाही. हे योग्यच. पण हलका 'अ' त्यांना माहीत नव्हता. म्हणून जिथे ओळ कमी भरेल तिथे ते क्रियापदाला पुढे एखादा जुनाट वाटणारा उपसर्ग जोडत, मागे एखादा प्रत्यय, कधी अख्खा शब्द. आपण घातलेलं सगळं चौकटी कंसात दाखवायचं असा त्यांचा बेत होता. १७१५ मध्ये ते वारले, पुस्तक इतरांनी पुरं केलं, आणि कंस काही पडले नाहीत. तो बेत प्रस्तावनेत तेवढा नोंदवलेला राहिला. पानावर चॉसर कुठे संपतो आणि अरी कुठे सुरू होतात, वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. कंस नसल्यामुळे सगळं मुसळ केरात गेलं.

१७७५ मध्ये टॉमस टरव्हिटने हा गुंता सोडवला. वीसहून अधिक हस्तलिखितं त्याने ताडून पाहिली, चॉसरच्या काळचं व्याकरण मांडलं, शेवटच्या 'ई'चा उच्चार दाखवून दिला, आणि ओळी आपोआप उभ्या राहिल्या. अरींच्या आवृत्तीबद्दल त्याचा शेरा असा की चॉसर वाचायचा म्हणून ती कुणी कधी उघडूच नये. स्पेटचा कान दीडशेहून अधिक वर्षांनी बरोबर ठरला.

याच ड्रायडनकडे रूपांतरकार म्हणून पाहिलं की चित्र पालटतं. १७०० मध्ये, मरणाच्या दोनेक महिने आधी, त्याने 'फेबल्स' प्रसिद्ध केलं. त्यात चॉसरच्या कथा त्याच्या काळच्या इंग्रजीत, त्याच्या काळच्या यमकबंधात आणल्या. त्याची प्रस्तावना आजही वाचावी. तो चॉसरला इंग्रजी कवितेचा जनक म्हणतो, ग्रीकांना होमर तसा आपल्याला हा. मी हे जुनी भाषा कळणाऱ्यांसाठी केलेलं नाही, त्यांनी खुशाल दुर्लक्ष करावं, असंही म्हणतो. पुढच्या काळातला कवी माझ्या लेखनाशी हीच मोकळीक घेईल, तेवढं ते टिकलं तर, असंही. आणि मुख्य म्हणजे पुस्तकाच्या शेवटी त्याने चॉसरचा मजकूरही छापला. ज्याला ताडून पाहायचं त्याने पाहावं!

बदल मात्र बिनधास्त. 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेतल्या सज्जन पाद्र्याचं वर्णन त्याने सॅम्युएल पेपिसच्या सूचनेवरून घेतलं. चॉसरचा पाद्री गरीब, परगण्यात पायी फिरणारा, आधी करून मग सांगणारा. ड्रायडनच्या पाद्र्यासमोर राजा पदच्युत होतो, नवा राजा येतो, आणि पाद्री नव्या सत्तेपुढे न झुकता आपली जागा सोडून देतो. नावाला गोष्ट दुसऱ्या रिचर्डच्या काळची. वाचणाऱ्याला १६८८ दिसतं, दुसऱ्या जेम्स राजाला हटवलं ते साल, आणि त्या उलथापालथीत राजकवीचं पद गमावलेला ड्रायडनही. मला हा भाग फार आवडतो. म्हणून तुमच्या गाइडमधलं 'सुधारलेली आवृत्ती' खोडून टाका. ड्रायडनची ती स्वतःची कविता आहे, चॉसरच्या खांद्यावर बसून लिहिलेली. त्याच पुस्तकातली 'फूल आणि पान' ही कविता तो चॉसरची समजून घेतो, ती नंतर चॉसरची नाही असं ठरलं, तरी ड्रायडनच्या ओळींना त्याने काही बाधा आली नाही.

यानंतर सोवळेपणाचा काळ येतो, तो मी लवकर उरकतो. अलेक्झांडर पोप या कवीने तरुणपणी एक कथा आणि वाइफ ऑफ बाथचं मनोगत चटपटीत करून घेतलं. १७९५ मध्ये विल्यम लिप्सकम नावाच्या पाद्र्याने आधुनिक इंग्रजीत सगळ्या कथा पूर्ण केल्याचं जाहीर केलं आणि गिरणीवाल्याची व कारभाऱ्याची या दोन चावट कथा गाळल्या. १८३३ मध्ये चार्ल्स काउडन क्लार्कने मुलांसाठी गद्यात गोष्टी सांगितल्या, १८७७ मध्ये मेरी एलायझा हॉइसने मुलांसाठी चित्रांसकट. वर्ड्सवर्थनेही एक कथा नव्या इंग्रजीत आणली. या लोकांमुळे चॉसर घराघरांत पोहोचला, पण पोहोचला तो आंघोळ घालून, भांग पाडून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताटातल्या नरोट्या वेचायचं काम सुरू झालं. फर्निव्हलने १८६८ मध्ये चॉसर सोसायटी काढली आणि सहा हस्तलिखितं शेजारी-शेजारी रकान्यांत जशीच्या तशी छापली. संपादनाच्या इतिहासात याहून प्रामाणिक काम मला माहीत नाही, कारण त्यात 'माझं मत' नाही, फक्त सहा साक्षीदार उभे केले आहेत. हेन्री ब्रॅडशॉने यमकांची कसोटी लावली: ज्या शब्दाच्या शेवटी तो हलका 'अ' आहे त्याचं यमक तो नसलेल्या शब्दाशी चॉसर जुळवत नाही. जुळवलेलं दिसलं की संशय घ्या. आज न उच्चारल्या जाणाऱ्या एका अक्षराने कितीतरी कविता चॉसरच्या नावाखालून बाहेर काढल्या. स्कीटची १८९४ ची ऑक्सफर्ड आवृत्ती या सगळ्याचं फळ. विल्यम मॉरिसने १८९६ मध्ये केल्म्स्कॉट छापखान्यात काढलेल्या भव्य चॉसरचा पाठ स्कीटचाच, चित्रं बर्न-जोन्सची, ८७. कागदावर ४२५ प्रती. सुंदर वस्तू आहे, पण वाचायला घेऊ नका, डोळे नक्षीतच अडकतात.

शिकागोचे जॉन मॅन्ली आणि एडिथ रिकर्ट यांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पहिल्या महायुद्धात दोघं अमेरिकी लष्कराच्या गुप्त संदेश उकलणाऱ्या खात्यात होते. युद्धानंतर त्यांनी तीच चिकाटी चॉसरला लावली. सगळ्या ज्ञात हस्तलिखितांची छायाचित्रं मागवली आणि शब्दाशब्दाचे पाठभेद पत्त्यांवर टिपले. १९४० मध्ये आठ खंड निघाले. रिकर्ट १९३८ मध्येच गेल्या होत्या, मॅन्ली खंड निघाले त्याच वर्षी, १९४० मध्ये, गेले. एवढं करून सगळ्या प्रतींची एकच मूळ माता सापडली नाही. कथा सुट्यासुट्या फिरल्या होत्या, आणि प्रत्येकीचा वंशवृक्ष वेगळा निघाला. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला, त्यात जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची वंशावळ मांडतात त्याच पद्धतीने वाइफ ऑफ बाथच्या मनोगताची ५८ हस्तलिखितं संगणकावर मांडली होती. त्यांचा अंदाज असा की चॉसरची स्वतःची प्रत हाच एक कच्चा खर्डा असावा, समासात टिपणं, काटाकाट, जोडलेले तुकडे असलेला. म्हणजे आपण ज्या 'मुळा'चा शोध घेतो तेच नक्की झालेलं नव्हतं.

रूपांतरं आजही थांबलेली नाहीत. नेव्हिल कॉगहिलचं पद्य भाषांतर १९५१ पासून खपतं आहे. पासोलिनीने १९७२ मध्ये चित्रपट केला, त्यात चॉसर स्वतःच रंगवला, आणि लिप्सकमने गाळलेलं सगळं व्याजासकट परत घातलं. पेशन्स अगबाबींनी २०१४ मध्ये 'टेलिंग टेल्स'मध्ये यात्रेकरू लंडनच्या बसमध्ये बसवले. झेडी स्मिथच्या २०२१ च्या नाटकात बाथची बाई वायव्य लंडनमधल्या पबात उभी राहून आपल्या पाच नवऱ्यांची कहाणी सांगते, तिची कथा जमैकात घडते. यातल्या कुणीही आपण चॉसर 'शुद्ध' करतो असं म्हटलेलं नाही. म्हणून मला त्यांची चिंता वाटत नाही.

तुमच्या कामाचं बोलू. परीक्षेसाठी आणि भाषांतरासाठी 'रिव्हरसाइड चॉसर' ही आवृत्ती (१९८७) किंवा जिल मान यांची पेंग्विनची जुन्या स्पेलिंगची आवृत्ती (२००५) घ्या. पाठभेदाच्या टीपा वाचायचा कंटाळा करू नका. हेंगर्ट आणि एल्समिअर दोन्हींची छायाचित्रं त्या-त्या ग्रंथालयांनी नेटवर फुकट ठेवली आहेत. आचाऱ्याच्या कथेचं ते पान स्वतः पाहा. कॉगहिल अर्थासाठी शेजारी ठेवा, पण त्यावरून मराठी करू नका, नाहीतर तुमचं भाषांतर कॉगहिलचं होईल. वृत्तासाठी ओळी मोठ्याने म्हणा, देवनागरीत लिहून म्हटल्या तर फारच सोपं जातं. आणि जिथे तुम्ही काही गाळाल किंवा घालाल, तिथे तळटीप टाका. अरींचे राहून गेलेले कंस डोळ्यांसमोर ठेवा.

कथा निवडायची तर माझं मत कारभाऱ्याच्या कथेला ('रीव्ह्ज टेल'). त्यात केंब्रिजचे दोन विद्यार्थी आहेत, जॉन आणि अ‍ॅलन, उत्तरेकडच्या गावचे. ते त्यांच्या बोलीत बोलतात. लंडनकर 'गोथ' म्हणतो तिथे ते 'गास', 'होम'ला 'हाम'. लंडनच्या श्रोत्यांना हसू यावं म्हणून. गंमत म्हणजे क्रियापदाचा तो उत्तरेकडचा 'स'च पुढे प्रमाण इंग्रजीत टिकला. टॉल्किनने १९३४ मध्ये यावर मोठा निबंध लिहून दाखवलं की चॉसरने ती बोली फार बारकाईने टिपली होती आणि लेखनिकांनी ती घासून गुळगुळीत केली. मराठीत या दोघांना प्रमाण भाषा देऊन चालणार नाही. मी एकदा वर्गासाठी त्यांचे संवाद वऱ्हाडीत करून नेले होते. माझं वऱ्हाडी ऐकीव. मागच्या बाकावर अमरावतीची दोन मुलं होती, त्यांनी कागद मागून घेतला, माझ्या 'काहून'चं 'काऊन' केलं, आणखी सात-आठ ठिकाणी पेन चालवलं, आणि तास संपताना परत दिला. मी निमूटपणे तेच पाठ कायम केले, खाली दोघांच्या नावाची टीप टाकून.